शाझियाची फायनल

"शाझिया दिसली का?" चपला दाराशीच सोडून दीपमाला मॅडम आत शिरल्या.

"मघाशी एकदा. पाठमोरी," नसीम म्हणाली. तिनं खुर्ची पुढे ओढली, पण मॅडम टीव्हीसमोर सतरंजीवरच बसल्या.

भुवनेश्वरला आशियाई स्पर्धेत महिलांच्या उंच उडीची फायनल सुरू होती. रियाजनं सातपूरचं वर्कशॉप दुपारीच बंद केलं होतं. त्याचा भागीदार सावळीराम येताना पेढ्यांचा पुडाच घेऊन आला होता. "पदक मिळालं की फोडू," म्हणाला.

मॅडम शाळेत खेळ शिकवायच्या. पाचवीतल्या शाझियाला पहिल्यांदा उंच उडी मारायला लावली ती त्यांनीच. शाळेकडे दांडी ठेवायला खांब नव्हते. रियाजनं वर्कशॉपमधल्या उरलेल्या पाइपांचे दोन खांब तयार केले आणि बाइकला बांधून शाळेत नेऊन दिले. नातेवाइकांनी नावं ठेवली. मुलगी हाफ पँटमध्ये उड्या मारते, लोक काय म्हणतील? "लोकांना म्हणावं तिकीट काढून या," रियाजनं सांगितलं होतं.

शाझिया राज्य स्पर्धेपर्यंत गेली. मग सरावात गुडघा फिरला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता विसरा. कितीतरी दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. कुणी मैदानाचं नाव काढलं तरी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची.

एका सकाळी ती उठली, बॅग खांद्याला लावली. "अब्बा, मी मैदान सोडणार नाही," एवढंच म्हणाली.

त्यानंतर पुणे, पतियाळा, दिल्ली. शिबिरं, चाचण्या, पुन्हा शिबिरं. दोनदा शेवटच्या यादीतून नाव गळलं. लग्नाची स्थळं येत होती, ती नसीमनं परस्पर परतवली. यंदा नाव आलं. एवढ्या मोठ्या फायनलला मैदानाच्या आत उभी राहिलेली सातपूरची ती पहिलीच मुलगी होती.

सकाळी तिचा फोन आला होता.

"झोप लागली का, बेटा?" रियाजनं विचारलं.

"नाही. अब्बा, स्टेडियम पूर्ण भरणार आहे. सगळे आपलेच लोक. त्याचीच जास्त भीती वाटते."

"लोकांकडे बघूच नको. दांडीकडे बघ."

"आणि चुकलं तर?"

"काय करायचं ते ठाम मनानं कर. पुढचं पुढे. मी आहे ना."

मग नसीमनं फोन घेतला, काही खाल्लंस का विचारलं, आणि तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली.

आता पडद्यावर संध्याकाळ झाली होती. सोनं आणि रौप्य कुणाचं ते जवळपास ठरलं होतं. कांस्यासाठी भारत आणि कझाकस्तान, दोघीच. कझाकस्तानची मुलगी एक मीटर शहाऐंशीवर बाद झाली. भारताची एक उडी बाकी होती. ती जमली तर पदक, नाहीतर मागच्या चुकांमुळे पदक तिकडे.

"हिंदुस्तान की बेटी, आखरी मौका!" समालोचकाचा आवाज चिरकला. सगळं स्टेडियम तालात टाळ्या वाजवायला लागलं.

नसीमनं डोळे मिटले. "या अल्ला, सांभाळ माझ्या पोरीला."

मॅडमनी तिचा हात धरला. रियाज टीव्हीच्या अगदी जवळ सरकला. निळ्या जर्सीतली मुलगी धावत निघाली, पण त्याची नजर धावेवर नव्हती. ती दांडीपाशीच खिळली होती.

वळण. झेप. कमानीसारखं वाकलेलं अंग दांडीवरून पलीकडे गेलं. दांडी थरथरली, पण जागेवर राहिली.

सावळीराम उडालाच. मुलगी गादीवरून उठली, दोन्ही मुठी उंचावत खाली उतरली.

आणि दांडी पडली.

"वारा! वाऱ्यानं पडली!" सावळीराम ओरडला. मैदानावरचे देशोदेशीचे झेंडे खरोखरच फडफडत होते.

"ती आधीच पार झाली होती," मॅडम घाईनं म्हणाल्या. "नुसत्या वाऱ्यानं पडली असेल तर उडी धरतात. पांढरा झेंडा वर जायला हवा."

हजारो लोक एका सुरात तेच मागत होते. रियाज पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होता.

पडद्याच्या कोपऱ्यात लाल झेंडा वर गेला.

स्टेडियममधून आरडाओरडा उठला. शिट्ट्या, हुर्यो. मुलगी जमिनीवर बसली आणि तिनं तोंड झाकून घेतलं.

"काय झालं?" नसीमनं डोळे उघडत विचारलं.

तीच उडी सावकाश पुन्हा दाखवायला लागले. अंग पार गेलं, पाय वर आले, आणि डाव्या टाचेचा काठ दांडीला घासून गेला. अगदी जेमतेम.

"लागलाय," मॅडम हळूच म्हणाल्या. "पाय लागलाय."

रियाज उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. तो टाळ्या वाजवू लागला, एकटाच.

"रियाजभाई, पदक गेलं ना," सावळीराम रडवेला झाला होता.

"गेलं. वाईट वाटतंच रे. पण माझी पोरगी बघ. बघ कशी उभी आहे."

रडणाऱ्या मुलीवरून कॅमेरा हळूहळू सरकला आणि खांबाशेजारी, ओरडणाऱ्या स्टेडियमसमोर लाल झेंडा उंच धरून ताठ उभ्या असलेल्या पंचावर येऊन थांबला. शाझियावर.