चार एकर पिवळे

प्रिंटर करकरत होता आणि नरसिंगराव तिसऱ्यांदा संगणकाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"अजून अर्धा तास, अण्णा," स्मिता मान वर न करता म्हणाली.

"सरी, सरी. स्वल्प पाणी प्यायला आलो होतो," नरसिंगराव आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले.

पाण्याचा माठ व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

नरसिंगरावांनी या कचेरीत सव्वीस वर्षं नकाशे रंगवले होते. विमानातून काढलेले फोटो भिंगाखाली धरायचे आणि रंग भरायचा. जंगल हिरवं, शेती तपकिरी, पडीक जमीन पिवळी. शंका आली की बस पकडून थेट त्या जागी जायचं, माती हातात घेऊन बघायची, मगच ब्रश उचलायचा. अण्णांचा नकाशा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं साहेबसुद्धा म्हणत.

आणि आता, सत्त्याण्णव साली, निवृत्तीला तीन महिने उरले असताना हे यंत्र आलं. त्याच्याबरोबर पुण्याहून स्मिता आली. उपग्रहाची चित्रं पाहून जंगल कुठलं नि उघडी माती कुठली हे तिचा संगणक म्हणे स्वतःच ओळखायला शिकत होता. त्याला धडे द्यायला तिनं जुन्या नकाशांचं कपाट पालथं घातलं आणि नेमके नरसिंगरावांचेच नकाशे उचलले. कचेरीतल्या बाकीच्यांना त्यांचा हेवा वाटला. नरसिंगरावांची मात्र अन्नावरची वासना उडाली.

कारण त्या सव्वीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, त्यांनी खोटा रंग भरला होता.

होसकोट्याच्या पलीकडे एका गावाबाहेर देवीची राई होती. चार एकर. होंगे म्हणजे करंज, जांभूळ, चिंच, आणि खाली भरदुपारीही गारवा. त्यांची विधवा बहीण सत्यवती हिनं त्या राईच्या कडेला दोन खोल्या बांधल्या होत्या. राई नकाशावर जंगल म्हणून चढली असती तर त्या खोल्या अतिक्रमण ठरून पाडल्या गेल्या असत्या. नरसिंगरावांनी पिवळा रंग उचलला. त्यानं एक फांदीसुद्धा तुटली नाही. बहिणीच्या दोन पोरी तिथून लग्न होऊन गेल्या, राई तशीच उभी राहिली. बारा वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता.

माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकता येते. यंत्राला कसला आलाय मुलाहिजा? ते आभाळातून बघणार, झाडं दिसणार, ते हिरवं रंगवणार. मग साहेब दोन्ही नकाशे शेजारी ठेवून विचारणार, काय हो अण्णा, हे काय? नाव जाईल, निवृत्तिवेतन अडकेल. ते एक वेळ सोसलं असतं. पण सत्यवती आता साठीला आली होती. ती कुठं जाणार?

त्यांनी एकदा खडा टाकून पाहिला. हे यंत्र आमच्या चुका काढणार का गं, असं स्मिताला हसत विचारलं. तुमच्या कसल्या चुका, असं म्हणून तीही हसली. बनशंकरीला घरी पोचेपर्यंत नरसिंगराव त्या हसण्यात टोमणा शोधत राहिले. चोराच्या मनात चांदणं. एकदा सगळं कबूल करायचं ठरवून ते साहेबांच्या खोलीत गेले आणि दोन दिवसांची रजा मागून परत आले.

प्रिंटर थांबला.

स्मितानं कागद टेबलावर पसरला. नरसिंगरावांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. होसकोट्यापासून त्यांचं बोट पूर्वेला सरकत गेलं आणि थांबलं.

पिवळं. चार एकर, स्वच्छ पिवळं.

त्यांनी स्टूल ओढून घेतलं. देवी पावली, असं त्यांना खरोखर वाटलं. सगळ्यांना माझ्यातर्फे कॉफी, असं त्यांनी शिपायाला सांगितलं.

"इथंच मी फसणार होते, अण्णा," स्मिता त्याच ठिपक्यावर पेन्सिल टेकवत म्हणाली. "उपग्रहाच्या चित्रात मला ही चक्क झाडी वाटली होती. यंत्रालाही. मग तुमचा नकाशा पाहिला. अण्णांनी पडीक म्हटलंय म्हणजे तिथं जाऊन, बघून म्हटलंय. मी यंत्राला तेच शिकवलं. असं दिसलं तर झाडी समजायचं नाही, पडीक म्हणायचं."

नरसिंगरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "मग?"

"मग काय, शिकलं ना." तिची पेन्सिल मालूर, कोलार, चिंतामणी अशी फिरत गेली. प्रत्येक गावाबाहेर एक पिवळा ठिपका होता. "अशा एकशे चौदा जागा सापडल्या. सगळ्या दोन-चार एकरांच्या. इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आल्या नव्हत्या."

त्यांतल्या कितीतरी जागी नरसिंगराव राईच्या सावलीला बसून डबा खाऊन आले होते.

"ही यादी अजून कुणाला दिली नाहीस ना?"

"ती महिन्यापूर्वीच गेली, नकाशा छापायचा तेवढा राहिला होता. झाडं लावणाऱ्या एका कंपनीच्या लोकांना नीलगिरीसाठी पडीक जमीन हवी होती, कामाला लागलेतसुद्धा. सकाळीच त्यांच्या मुकादमाचा फोन आला होता, कुरकुरत होता नुसता. म्हणे, पडीक जमीन साफ करायला एवढ्या करवती लागतात, हे आधी का नाही सांगितलं?"