‘उत्कृष्ट’च्या पुढे

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर निबंधाच्या बासष्ट वह्या आहेत, शाळा सुटायला आली आहे आणि सकाळपासून शिकवून घसा बसला आहे. दाभाडे गुरुजींचं त्या दिवशी तसंच झालं होतं. शेवटच्या तीस वह्या त्यांनी न वाचताच मिटल्या. प्रत्येकीत लाल शाईने एकच शेरा होता, ‘उत्कृष्ट’.

वह्या वाटून झाल्यावर तनुजा आपली वही घेऊन टेबलापाशी आली.

“गुरुजी, उत्कृष्ट म्हणजे काय?”

“ज्याहून चांगलं काही असूच शकत नाही, ते.”

“पण माझा निबंध तर अर्धाच राहिलाय.” तिने मान खाली घातली. “म्हणजे याहून चांगला मला कधी येणारच नाही का?”

गुरुजींना थकव्यापेक्षा हा प्रश्न जड गेला. त्यांनी वही उघडून वाचली. तनुजाची शेळी विहिरीत पडली होती. वडील दोर घेऊन धावले होते. शेवटची ओळ होती, ‘बाबा खाली उतरले आणि’.

“मग? वाचली का शेळी?”

“सांगू?”

“नको. लिही.” गुरुजींनी ‘उत्कृष्ट’वर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘पुढे काय झालं?’

“तने, गेलं तुझं उत्कृष्ट,” मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं.

तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं दप्तरं उचलून पळाली. तनुजा मात्र गुरुजींच्या खुर्चीशेजारी फरशीवरच मांडी घालून बसली आणि तिने ‘आणि’च्या पुढे पेन्सिल टेकवली.