सत्र उरकेपर्यंत

ताईंनी सकाळीच राजीनामा दिला होता. सोमवारी घराजवळच्या नव्या नोकरीवर हजर झाल्या असत्या, म्हणजे रात्री लेकीशी जेवताना तरी गाठ पडली असती. अडलं होतं फक्त रिलीव्हिंग लेटरवरच्या सहीपाशी. साहेब म्हणाले, "आधी हे लीडरशिप कोचिंगचं सत्र उरकू, मग बघू."

सत्र काही उरकेना.

"गोदामातून माल उशिरा का निघतो? उत्तर मी देणार नाही, तुम्हीच शोधा," म्हणत कोच खुर्चीत रेलले. गोदामाचे दोन्ही मुकादम एकमेकांकडे पाठ करून बसले. दाराला आतून कडी.

"अहो, हे दोन मुकादम एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून!" ताईंचा धीर सुटला. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं. "रुसवेफुगवे घरी. गाडीची वेळ इथे, आत्ता ठरवा." वर्षभराचं भिजत घोंगडं चहा यायच्या आत वाळलं.

कोच टाळ्या वाजवत उठले. "याला म्हणतात लीडर!"

"झालं ना सत्र? करा सही." ताईंनी पेन पुढे केलं.

साहेबांनी पेन घेतलं, खिशातून घडी पडून जीर्ण झालेला स्वतःचाच राजीनामा काढला आणि त्यावर सही ठोकली.




"मालकांची अटच आहे ताई, जायचं तर आधी आपल्या जागी माणूस तयार करायचा. मला चार वर्षं लागली. तुम्ही हुशार आहात, तुम्हाला दोन पुरतील."