मी आहे ना!

बेटावरच्या रिसॉर्टवर आल्यापासून ती खोलीतल्या टेबलावर जंगलवाटेचा नकाशा काढत बसली होती. आधी खारफुटीवरचा पूल, मग खेकड्यांची पुळण आणि शेवटी सागरी गरुडाचं घरटं. त्या घरट्यासाठीच तर एवढा खटाटोप! “वाटाड्या घेऊ या का हो?” तिने विचारलं.

“कशाला? मी आहे ना!” म्हणत नवऱ्याने नकाशा तिच्या हातातून घेतला आणि निघाला पुढे, नेहमीसारखा.

पहिल्याच बाकापाशी तिच्या चपलेचा अंगठा तुटला. “अहो, थांबा!” पण स्वारी नकाशात डोकं खुपसून, “हे बघ, ते बघ” करत वळणाआड गेलीसुद्धा. ती बाकावर बसली. आत्ता मागे वळून बघतील, मग बघतील.

वाट बेटाला वळसा घालून पुन्हा त्याच बाकाशी येत होती. उन्हं कलता कलता तो घामाघूम होऊन, नकाशातून डोकं वर न काढताच तिच्या शेजारी टेकला.

“दमलीस ना? पण माझ्या मागे मागे आलीस म्हणून कुठे चुकली नाहीस. गरुडाचं घरटं दाखवलं, ते पाहिलंस ना नीट?”

“पाहिलं,” ती म्हणाली आणि तुटकी चप्पल तिने पायानेच बाकाखाली सारली.