दोनशे बारा कांड्या

पिवळ्या पेल्यात एकशे चाळीस कांड्या, निळ्यात बहात्तर. एकूण दोनशे बारा. प्रत्येकीत पाव मिलिलिटर वीर्य, उणे एकशे शहाण्णव अंशांवर गोठवलेलं. टाकीतल्या द्रव नायट्रोजनची पातळी एकोणीस सेंटिमीटर, हवी तेवढीच.

"पडताळून बघा, ताई. सकाळीच मोजल्यात," काका म्हणाले.

प्रयोगशाळेतली ती तरुणी या कांड्या मुख्य केंद्रात न्यायला आली होती. ज्या वळूच्या त्या होत्या, तो दीड महिन्यापूर्वी तापाने गेला. त्याच्या जातीचा दुसरा वळू कुठेच उरला नव्हता. सात गाई तेवढ्या होत्या. जात टिकायची ती आता या कांड्यांतूनच.

सगळे त्या वळूला जावईबापू म्हणत. खाणं उत्तम, काम आठवड्यातून दोनदा, आणि रुसला की गोठाभर पळापळ. अकरा वर्षं त्याचे रुसवे काकांनीच काढले. भांडारपालाची बदली झाली तेव्हा या खोलीची किल्लीही काकांकडेच आली. त्या दिवशी या तरुणीनेच त्यांना फोनवर दोन गोष्टी बजावल्या होत्या: नायट्रोजन कमी पडू द्यायचा नाही, आणि एकही कांडी हरवता कामा नये.

काकांनी वही पुढे केली. पंचेचाळीस दिवस, पंचेचाळीस नोंदी, प्रत्येकीपुढे दोनशे बारा. आमच्याकडे शिकलेली माणसंही इतकं नेटकं लिहीत नाहीत, असं ती म्हणाली. काका लाजले. टाकीत वाकून तर धड दिसतही नाही, मग मोजता कशा, असं तिने सहज विचारलं.

"टाकीत कशाला? टेबलावर ओततो. चिमट्याने एकेक बाजूला करायची," काका म्हणाले. "आधी पंधरा मिनिटं लागायची. आता हात बसलाय. सहा मिनिटांत सगळ्या परत आत."

तिचा हात वहीवरच राहिला. उघड्या हवेत कांडीला दहा सेकंदही सोसत नाहीत. हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम तिचं होतं.

काही चुकलं का, असं काकांनी विचारलं. तपासून सांगते, एवढंच ती बोलली. तपासलेली कांडी वाया जाते हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी आधी एकच देऊ केली. बरीच घासाघीस करून तीनवर आले. मग तिने त्यांना वळूचे कागद आणायला ऑफिसात पाठवलं.

सदतीस अंशांचं पाणी, तीस सेकंद. कांडी पुसली, कापली, थेंब काचपट्टीवर घेतला. ती बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिली. दुसरी कांडी. दिवा वाढवला, भिंग पुसलं. तिसरी.

काका कागद घेऊन परतले तेव्हा ती चौथ्या काचपट्टीवर वाकली होती.

"मी बघू?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डोळा लावला. आधी काही दिसेना. मग त्यांनी दुसरा डोळा मिटला. हळूहळू त्यांचे खांदे सैल पडले.

"हलतायत की, ताई. हा एक बघा, मान खाली घालून सगळ्यांना ढकलत निघालाय. जावईबापूच."

तिने आधीच्या तीन काचपट्ट्या बाजूला सरकवल्या.

काकांनी कितीतरी वेळ डोळा काढला नाही. थेंब गार होत गेला तसं आतलं सगळं मंदावलं. दमला आता, असं ते हळूच पुटपुटले. मग बाहीने डोळे पुसून ते टाकी गाडीत ठेवायला उचलू लागले. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी, अगदी सरळ.

तिने त्यांचीच वही ओढली आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिलं:

सूक्ष्मदर्शक ठीक आहे का हे पाहण्यासाठी, सोबत आणलेली दुसऱ्या वळूची कांडी, एक: हालचाल बासष्ट टक्के. या वळूच्या कांड्या, तीन: हालचाल शून्य टक्के.