तिसरी वीट

मंगळवारी सकाळी पावणेसहाला योगेश्वरी बिसेन उठली. तिने अंगणात सडा घातला, चहा ठेवला आणि डाव्या हाताने पोहे परतले. उजव्या तर्जनीला मलम लावलेले होते. सात वाजता ती रिंकीच्या वेण्या घालायला बसली.

"आई, किल्ला पूर्ण जळला का गं?"

"पूर्ण."

"परवा त आपण चढलो होतो त्याच्यावर."

"हो. हलू नकोस, भांग वाकडा होतो."

कोहमाऱ्याजवळच्या थीम पार्कात प्लास्टिकच्या पोकळ विटा एकमेकींत अडकवून दोन पुरुष उंचीचा किल्ला उभारला होता. रविवारी सायंकाळी पार्क बंद झाल्यावर तो पेटला. कोणी दगावले नाही. मागच्या भिंतीशी बसून आपण बिडी ओढली, असे चौकीदार जंगलू उईके याने स्वतःच सांगितले आणि पोलिसांनी त्याला नेले. बिडीने अशी वीट पेटते का, असे विचारणारे ठाण्याचे पत्र सोमवारी कनिष्ठ महाविद्यालयात आले. सोबत गोदामात उरलेल्या तीन विटा होत्या. रसायनशास्त्र शिकवणारी तिथे योगेश्वरी एकटीच होती.

साडेदहाला ती प्रयोगशाळा उघडायला गेली, तेव्हा जंगलूची बायको दुर्पता दारात बसलेली होती. तिने पदराच्या गाठीतून बिड्यांचे बंडल काढले.

"हेच ओढते तो. मीच वळतो घरी. मॅडम, बिडी ओढली नाही त आपोआप विझते. लहान पोट्ट्याले मालूम आहे."

"पोलिसांना नाही सांगितलंत?"

"सांगतलो ना. हासून राहिले होते. म्हणे, तू वकील आहेस का?" तिचा आवाज खाली आला. "सुटन का जी तो?"

"बसा. बघू."

योगेश्वरीने पहिल्या विटेवर पेटती बिडी ठेवली. दोन मिनिटांत ती विझली. विटेवर मुगाएवढा पिवळा डाग राहिला. तिने दहा बिड्या ठेवून पाहिल्या. दहाही विझल्या.

ती अकरावी बिडी पेटवत असताना पार्कचे मालक छोटेलाल पटले आत आले. योगेश्वरीच्या वडिलांचे ते मित्र.

"बेटी, कायले एवढा खटाटोप? बिडीनं लागली, लिहून टाक. दोन ओळीचं काम."

"काका, वीट जळत नाही असं तुम्ही फलकावर लिहिलं होतं."

"विकणाऱ्यानं सांगतलं, मी लिहिलं. मी का केमिस्ट्री शिकलो आहो? साऱ्या गावानं मानलं. शंका फक्त तुले. रविवारी तिकीट घेतानाही तेच विचारून राहिली होतीस."

"शेठ," दुर्पता कोपऱ्यातून म्हणाली, "तुमची वीट जळत नाही, त मंग किल्ला कोणं खाल्ला?"

छोटेलाल निघून गेले.

दुसऱ्या विटेच्या कोपऱ्याला योगेश्वरीने काडी लावली. अकरा सेकंदांत कोपरा मऊ पडला आणि काळा धूर सोडत पेटला. पेटलेले थेंब खाली ठिबकू लागले.

"याला ज्वाळाच लागते. हे बिडीचं काम नाही."

दुर्पताने पदराने डोळे पुसले. "म्हणजे दुसऱ्या कोणी लावली. कोण असन जी?"

योगेश्वरीने फडके घेतले. ती तिसरी वीट पुसू लागली.

पत्रातल्या प्रश्नापुरते दोन प्रयोग पुरेसे होते. तिने तिसऱ्या विटेचा कोपरा पेटवला आणि लगेच त्यावर वाळूची बादली उपडी केली. ज्वाळा गेली.

"विझली," दुर्पता म्हणाली.

"थांबा थोडं."

वाळू शांत होती. सात मिनिटे गेली. मग विटेच्या दुसऱ्या टोकाच्या छिद्रातून धुराची रेघ निघाली आणि पाठोपाठ पिवळी जीभ. पेटता थेंब पोकळीत घरंगळला होता. वाळू तिथवर पोहोचलीच नव्हती.

योगेश्वरीने त्या छिद्रात पाणी ओतले. मग तिने बसून दीड पान अहवाल लिहिला. बहिणीला फोन करून शाळा सुटल्यावर रिंकीला घरी न्यायला सांगितले.

"किती दिवस?" बहिणीने विचारले.

"ते संध्याकाळी कळेल."

दुर्पताला स्कूटीवर मागे बसवून ती ठाण्यात गेली. हवालदाराने अहवाल दोनदा वाचला.

"बिडी नाही, काडी. चौकीदार सुटला समजा." त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "पण मॅडम, काडी लावणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी सोडलीत."

"तुमच्यासमोर लिहायचं होतं."

तिने पेन उघडले आणि सावकाश, सुवाच्य अक्षरांत लिहिले: 'योगेश्वरी बिसेन. वीट खरोखर जळत नाही का हे पाहण्यासाठी रविवारी सायंकाळी सहा वाजता मागच्या भिंतीला काडी लावली, वाळू टाकली आणि आग विझली असे समजून मुलीला घेऊन घरी गेले.' मग खाली सही केली.