काळा ठोकळा

लॅबमधून परत आलेलं पोतं मी अंगणात उलटं केलं. किती वजन पेलतो ते बघायला लॅबवाल्यांनी फोडलेल्या ठोकळ्याचे तुकडे मला देवापाशी ठेवायचे होते. आमच्या बचत गटाचं काँक्रीट पास झालं होतं, साऱ्या मुर्री गावात पेढे वाटून झाले होते. राइस मिलवाल्यांनी फेकलेली राख आम्ही बायांनी चाळली आणि सिमेंट कमी करून तीच मिसळली. राखेमुळं आमचा माल तव्यासारखा काळा होतो. पोत्यातून मात्र पांढुरके तुकडे पडले. ठोकळा लॅबला माझाच नवरा घेऊन गेला होता. तो मिस्त्री, अंगणातच बसून वाकड्या सळया ठोकत होता. "अवो, हा आपला ठोकळा नाही. काय नेलं होतं तुमी?" त्यानं मान वर केली नाही. "नुसत्या सिमेंटचा बनवून नेला. राखेचा फेल झाला असता त चार लोकांत तुयीच इज्जत गेली असती." म्हणजे कागदावर नाव आमचं आणि पास झालं त्याचं सिमेंट. "मंग माया ठोकळा कुठं आहे?" त्याचा हातोडा थांबला. सळईखाली ऐरणीसारखा ठेवलेला काळा ठोकळा मला तेव्हा दिसला. इतके दिवस तो त्याच्यावरच सळया ठोकत होता. ओल्या मालात मी बोटानं लिहिलेलं गटाचं नाव घाव खाऊन पुसट झालं होतं. कोपरा एकही उडाला नव्हता. "फुटला काय हा?" मी विचारलं. त्यानं त्याच ठोकळ्यावर दुसरी सळई ठेवली आणि हातोडा उचलला.